खातं म्हणजे नेमकं कोण?

गावच्या दूध संस्थेत संगणक आणायचं ठरतं. प्रोग्रामर येतो आणि पहिलाच प्रश्न टाकतो, "तुमचे खातेदार किती?" समजा, सचिव सांगतात ४१२. सभासद नोंदवही उघडली तर तिच्यात ३६७ नावं. आणि काल संध्याकाळी ज्यांनी दूध घातलं ते मोजले तर २९८. तिन्ही आकडे बरोबर असतात. ४१२ म्हणजे आजवर दिलेले कोड नंबर. त्यात मयत आले, गाव सोडून गेलेले आले, आणि गायीच्या व म्हशीच्या दुधाला दोन वेगळे नंबर घेतलेलेही आले. ३६७ म्हणजे शेअर घेतलेले. २९८ म्हणजे आज ज्यांच्या गोठ्यात दुभतं आहे ते. प्रोग्रामर ४१२ लिहून घेतो, 'कस्टमर' नावाचं एक टेबल उघडतो आणि कामाला लागतो. पुढची तीन वर्षं वार्षिक सभेच्या यादीत मयतांची नावं येत राहतात आणि सगळे म्हणतात, सॉफ्टवेअर वाईट आहे.

सॉफ्टवेअर वाईट नसतं. 'खातेदार' हा शब्द दोघांनी दोन अर्थांनी वापरला आणि तो कुणीच कागदावर उलगडून ठेवला नाही. धंदा जाणणारे आणि यंत्र जाणणारे यांच्यातली बहुतेक भांडणं या जातीची असतात. एकाला दुसऱ्याचं कळत नाही, असं आपण म्हणतो. खरं म्हणजे दोघांनाही आपल्याला कळलंय असं वाटतं, आणि घोटाळा तिथेच होतो. न कळलेला माणूस निदान विचारतो तरी.

यावर उपाय जुना आहे, फुकटाच्या जवळपास आहे आणि आपल्याकडे सर्रास टाळला जातो: प्रोग्राम लिहिण्याआधी डेटा मॉडेल काढणं. मॉडेल म्हणजे कोणत्या वस्तूंची नोंद ठेवायची, एक वस्तू दुसरीपासून कशी ओळखायची आणि एकीशी दुसरीचं नातं किती-कितीचं, हे सांगणारा चौकटी आणि रेषांचा कागद. आमचं म्हणणं एवढंच, की हा कागद प्रोग्रामरचा नाही. तो सचिवाचा आहे, लेखनिकाचा आहे, तलाठ्याचा आहे. त्यांनी तो आपल्या शब्दांत मान्य केल्याशिवाय, विशेषतः सार्वजनिक किंवा सहकारी पैशातून, सॉफ्टवेअरवर एक रुपयाही खर्च होऊ नये.

मॉडेल ही संगणकाची गोष्ट आहे असं वाटत असेल तर सातबारा आठवावा. महसूल खात्याचे गाव नमुने १ ते २१ म्हणजे संगणक जन्मण्याच्या आधीपासून हाताने चालवलेलं डेटा मॉडेल आहे. नमुना सात जमिनीकडून बघतो: हा गट नंबर, यावर हक्क कुणाचा. नमुना बारा त्याच जमिनीवरच्या पिकांचा. आठ-अ तीच माहिती माणसाकडून बघतो: या खात्यावर कुठकुठली जमीन. आणि नमुना सहा, म्हणजे फेरफार, हा घटनांचा: काय बदललं, कधी, कशामुळे. जमीन, खातं आणि घटना वेगवेगळ्या ठेवायच्या आणि घटना प्रमाणित झाल्याशिवाय सातवर नाव बदलायचं नाही, हा नियम ज्याने बसवला त्याला आजच्या कुठल्याही चांगल्या डेटा आर्किटेक्टने पाहुणा म्हणून बोलवावं. वारसांसाठी तर सहा-क ही वेगळी नोंदवही आहे, कारण खातेदार मयत होणं आणि वारसांची नावं लागणं या दोन घटनांच्या मध्ये बराच काळ जाऊ शकतो, हे त्या व्यवस्थेला ठाऊक होतं.

याच नमुन्यांत 'खाते' या शब्दाचा धडाही आहे. आठ-अ वरचं खातं म्हणजे माणूस नव्हे. तीन भाऊ एका सामाईक खात्यात असू शकतात, आणि त्यांतल्या एकाचं स्वतःचं दुसरं खातंही असू शकतं. एका खात्यात अनेक खातेदार, एक खातेदार अनेक खात्यांत. तलाठ्याला हे झोपेत विचारलं तरी सांगता येईल. बँकेतून आलेल्या प्रोग्रामरला मात्र खातं म्हणजे नंबर, आणि नंबरामागे एक माणूस, फार तर संयुक्त खात्यात दोघं. त्याने खात्याच्या टेबलात 'खातेदाराचे नाव' असा एकच रकाना ठेवला की तिघा भावांची नावं स्वल्पविराम देऊन त्यात कोंबली जातात. मग "अमुक माणसाची गावातली एकूण जमीन किती?" या साध्या प्रश्नाचं उत्तर यंत्राला कधीच देता येत नाही. रकान्यात स्वल्पविराम दिसू लागले, की समजावं एक चौकट काढायची राहून गेली आहे.

या विद्येचा औपचारिक इतिहास फार मोठा नाही. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी माहिती टेबलांच्या रूपात ठेवण्याचा रिलेशनल सिद्धांत मांडला. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी वस्तू आणि त्यांच्यातली नाती चित्रात दाखवायची पद्धत दिली. पुढे १९८३ मध्ये चेन यांनीच दाखवलं, की वाक्यातली नामं चौकटी होतात आणि क्रियापदं नाती होतात. त्यांनी उदाहरणं इंग्रजी वाक्यरचनेची घेतली होती, पण मराठीत हे जास्त चांगलं चालतं, कारण आपल्या धंद्यांची क्रियापदं नेमकी आहेत. उत्पादक दूध 'घालतो', उचल 'घेतो', संस्था बिलातून 'कापते', अनेक संस्थांचं दूध घेणारा संघ ते 'उतरवून घेतो'. प्रत्येक क्रियापदाला कर्ता आहे, वेळ आहे, आणि बहुतेकांना एक चिठ्ठीही आहे.

म्हणून सुरुवात चिठ्ठ्यांपासूनच करावी. मुलाखतींपासून नको. मुलाखतीत माणूस काम कसं व्हायला हवं ते सांगतो, चिठ्ठी काम कसं होतं ते सांगते. दूध संस्थेत गोळा करायचे कागद असे: संकलनाची पावती, पाळीचं (सकाळच्या किंवा संध्याकाळच्या संकलनाचं) रजिस्टर, बिल, दरपत्रक, उचलीची वही, पशुखाद्याची विक्री, स्थानिक विक्रीची वही आणि संघाकडून परत येणारी पोच. प्रत्येकाची भरलेली प्रत हवी, कोरी नको, आणि जिच्यावर कुणीतरी पेनाने खाडाखोड करून समासात काही लिहिलंय ती सगळ्यात आधी हवी. समासात लिहिलेला मजकूर म्हणजे छापील नमुन्यात न मावलेला नियम.

या कागदांवरची नामं अधोरेखित केली की पहिल्या फेरीत बारा ते पंधरा चौकटी निघतात. त्याहून जास्त निघाल्या तर तपशिलात शिरायची घाई झाली आहे. प्रत्येक चौकटीला तीन प्रश्न. हिची एका वाक्यात व्याख्या काय? दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तू वेगळ्या आहेत हे कशावरून ओळखायचं? आणि ही कधी सुरू होते, कधी संपते? दुसऱ्या प्रश्नावर बैठक अडते आणि अडलीच पाहिजे. 'उत्पादक' कशावरून ओळखायचा? कोड नंबरावरून म्हटलं तर गाय-म्हशीचे दोन नंबर असलेला एक माणूस दोन उत्पादक होतो. आधारवरून म्हटलं तर नंबर वडिलांच्या नावावर, दूध सून घालते, पैसे मुलाच्या खात्यात. कुटुंबावरून म्हटलं तर भाऊ वेगळे झाले त्या दिवशी काय करायचं? यातलं एकच उत्तर बरोबर आहे असं नाही. पण एक निवडून लिहून ठेवलं नाही, तर प्रोग्रामर रात्री एकटा बसून निवडेल आणि ते कुणाला सांगणारही नाही.

आता रेषा. दोन चौकटींमधली रेषा हे दोन्ही बाजूंनी वाचायचं वाक्य आहे, आणि दर बाजूला कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, असे एकूण चार प्रश्न. चित्रात 'अनेक' दाखवायला रेषेच्या टोकाला तीन फाटे काढतात, त्याला कावळ्याचा पाय म्हणतात. एवढी एक खूण कळली की चित्र कुणालाही वाचता येतं, सातवी शिकलेल्या लेखनिकालाही. विचारायचं कसं ते महत्त्वाचं. "एक उत्पादक एका पाळीला गायीचं दूध किती वेळा घालतो?" उत्तर येतं, "एकदाच." इथे थांबायचं नाही. "एकच किटली आणली आणि दुसरी मागाहून आली तर?" "मग दोनदा वजन करतो, पण नमुना एकदाच घेतो." झालं! एका रेषेत दोन चौकटी लपल्या होत्या: वजन अनेक, नमुना एक. आणि कमीत कमीचा प्रश्न: "नमुना नसलेलं दूध असू शकतं का?" "लाइट गेली, मशीन बंद पडलं तर असतं. मग आदल्या पाळीची फॅट धरतो." हा नियम कुठेच लिहिलेला नसतो. सॉफ्टवेअरने फॅटचा रकाना सक्तीचा केला, की लाइट गेलेल्या दिवशी लेखनिक मनाने आकडा भरतो, आणि मोजलेली फॅट कुठली व धरलेली कुठली हे कायमचं पुसलं जातं.

कमीत कमीचा प्रश्न लोक विचारत नाहीत. जास्तीत जास्तचा विचारतात, कारण त्यावर टेबलं किती हे ठरतं. पण मशीन बंद पडलं, माणूस गेला, दूध नासलं, अशा वेळी माहिती अर्धीच हाती असते, आणि त्या अर्ध्या माहितीचं काय करायचं हे कमीत कमीच्या आकड्यावरच ठरतं.

एककांचं आणि सूत्रांचं तर विचारूच नये. संस्थेत दूध लिटरात धरायचं की किलोत, हे रकान्याच्या नावातच असलं पाहिजे. दुधाची घनता साधारण १.०३ धरतात. म्हणजे १,००० लिटर दूध संघाच्या काट्यावर १,०३० किलोच्या आसपास भरतं. रकान्याला नुसतं 'दूध' म्हटलं आणि दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडले, तर रोज तीस एककांची 'वाढ' दिसते. एखादी संस्था त्यावर खूश होते, आणि खरी घट त्या तीसमध्ये बेमालूम जिरते.

एसएनएफचं, म्हणजे फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन घटकांचं, त्याहून नाजूक. लॅक्टोमीटर या दुधाची घनता दाखवणाऱ्या उपकरणाची, तापमानानुसार दुरुस्त केलेली डिग्री आणि फॅट यांवरून एसएनएफ काढायची एकाहून अधिक सूत्रं वापरात आहेत. एका सूत्रात डिग्रीला चारने भागून त्यात फॅटच्या ०.२५ पट आणि ०.४४ मिळवतात. दुसऱ्यात फॅटच्या ०.२१ पट आणि ०.३६. डिग्री २८ आणि फॅट ४.० धरली तर पहिल्याने ८.४४ येते, दुसऱ्याने ८.२०. दूध तेच, नमुना तोच. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा आधार धरून दर ठरतो आणि दरपत्रक ०.१ च्या टप्प्याने चालतं. म्हणजे नुसत्या सूत्राने उत्पादक दोन टप्पे खाली घसरतो. मॉडेलमध्ये 'एसएनएफ' ही मोजलेली गोष्ट आहे की काढलेली, काढलेली असेल तर कोणत्या सूत्राने, हे लिहिलेलं असेल तर हे भांडण एका मिनिटात मिटतं. नसेल तर संस्था म्हणते संघ चोर, संघ म्हणतो संस्थेचं मशीन खराब, आणि प्रोग्रामर म्हणतो माझं गणित बरोबर आहे. तिघेही खरं बोलत असतात.

दराचीही तीच गत. दर हा दुधाचा गुण नाही, दरपत्रकाच्या एका घराचा गुण आहे. फॅट ३.० ते ५.० आणि एसएनएफ ७.५ ते ९.०, दोन्ही ०.१ च्या टप्प्याने घेतले, तर २१ गुणिले १६ म्हणजे ३३६ घरं होतात. आणि ते अख्खं पत्रक एका तारखेच्या एका पाळीपासून लागू होतं. नवशिक्या रचनेत 'चालू दर' एवढंच साठवतात आणि दर बदलला की जुन्यावर नवा लिहितात. मग कुणी मागच्या महिन्याचं बिल पुन्हा छापून मागितलं तर ते नव्या दराने छापलं जातं. पत्रकाला 'पासून' आणि 'पर्यंत' हव्यात. शिवाय आणखी एक तारीख हवी: पत्रक संस्थेला मिळालं कधी. संघाचं पत्र १३ तारखेला येतं आणि दर ११ पासून लागू असतो. मधल्या दोन दिवसांच्या पावत्या जुन्या दराने फाटलेल्या असतात. त्या चुकीच्या नव्हत्या, त्या दिवशीच्या माहितीप्रमाणे बरोबरच होत्या. हे दाखवायला दोन तारखा लागतात, आणि ही गरज प्रोग्रामरला आपण होऊन सुचणार नाही. सचिवालाच सांगावी लागते.

'दहा दिवसांचं बिल' हा शब्दही ऐकून सोडून देऊ नये. बिलं १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर अशी निघतात. तिसरं बिल फेब्रुवारीत आठ दिवसांचं (लीप वर्षात नऊ), एकतीस दिवसांच्या महिन्यात अकरा दिवसांचं. वर्षाला बरोबर ३६ बिलं. ज्याने शब्दशः दहा दिवस मोजले त्याची बिलं दर महिन्याला सरकत जातात आणि दिवाळीचा दूध दर फरक काढताना हिशोब जुळत नाही.

भाषांतराचा सापळा सगळ्यात फसवा. 'उचल' हा शब्द मॉडेलमध्ये 'लोन' म्हणून गेला की त्याच्यामागून व्याज, हप्ता, मुदत आणि थकबाकी हे रकाने वरातीसारखे येतात. उचल तशी नसते. ती पुढच्या दुधावर घेतलेली असते, दूध आटलं की वसुली थांबते, जनावर व्यालं की पुन्हा सुरू होते, आणि एका बिलातून किती कापायचं हे सचिव माणूस बघून ठरवतात. ही लवचीकता चांगली की वाईट, हा वाद करायला हरकत नाही. पण तो संचालक मंडळाने करावा. प्रोग्रामरने शब्दकोश उघडून एक शब्द निवडला म्हणून धोरण बदलू नये. मॉडेलमधले शब्द धंद्यातलेच असावेत. आत टेबलाचं नाव रोमनमध्ये काय ठेवायचं ते यंत्रवाल्यांनी बघावं, पण ज्या कागदावर सचिवाची सही होणार त्यावर 'उचल' असाच शब्द हवा.

आता सार्वजनिक बाजू. राज्य सरकारने जानेवारी २०२४ मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यायला सुरुवात केली. पैसे थेट उत्पादकाच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जायचे होते, आणि जनावराच्या कानातल्या टॅगची नोंद सक्तीची होती. हेतूला कुणी नाव ठेवू नये. पैसा मधल्या कुणाच्या हाती न लागता पोचावा म्हणूनच हे केलं. पण मॉडेलच्या नजरेने बघा. दूध संस्थेच्या वहीत उत्पादक आहे, पाळी आहे, वजन आहे, फॅट आहे. 'जनावर' नावाची चौकटच नाही, कारण दराच्या हिशोबाला ती कधी लागलीच नाही. पाच गायींचं दूध एका किटलीत येतं. कुठल्या टॅगचं किती लिटर, या प्रश्नाला जगात उत्तर नाही. टॅग फार तर गोठ्याशी जोडता येतो, दुधाशी नाही.

मग टॅग उत्पादकाच्या नोंदीत एक रकाना म्हणून जातो, आणि दुखणं सुरू होतं. बारा अंकी टॅग गायीचा असतो, मालकाचा नाही. गाय बाजारात विकली की टॅग तिच्याबरोबर दुसऱ्या तालुक्यात जातो आणि एकच नंबर दोन उत्पादकांकडे दिसू लागतो. टॅग कानातून तुटून पडतो, नवा मारतात, आणि एकाच गायीचे दोन नंबर होतात. यावर इलाज एका चौकटीएवढा आहे: 'मालकी' ही जनावर आणि उत्पादक यांच्यामधली वेगळी वस्तू, तिला पासून-पर्यंत, आणि टॅग ही जनावराची ओळख नव्हे, जनावराला काही काळ लावलेली खूण. तशीच गत बँक खात्याची. कोड वडिलांचा, गाय आईच्या नावे, खातं मुलाचं. तिघांना एक समजणारी रचना अशा घरातल्या प्रत्येकाला संशयित ठरवते.

शासन निर्णयाला नमुना अर्ज जोडलेला असतो, मग वेगळं मॉडेल कशाला, असं कुणी म्हणेल. अर्ज म्हणजे मॉडेल नव्हे. अर्ज सांगतो काय भरायचं. एकाला किती, एकाशिवाय दुसरं चालेल का, आणि उद्या बदललं तर जुन्याचं काय करायचं, हे अर्ज सांगत नाही. आमची मागणी साधी आहे. ज्या योजनेत नोंदी जोडून पैसे द्यायचे आहेत, तिच्या निर्णयासोबत एक पानी चित्र आणि दोन पानी शब्दार्थ प्रसिद्ध करावेत, आणि ते आधी चार तालुक्यांतल्या चार संस्थांच्या सचिवांना वाचायला द्यावेत. महसूल खात्याला गाव नमुन्यांत जे जमलं ते दुग्धविकास खात्याला न जमण्यासारखं नाही.

शब्दार्थाच्या पानाची रचना कामाची आहे. दर शब्दाला व्याख्येचं एक वाक्य, एक उदाहरण, एक न-उदाहरण आणि निर्णय कुणाचा त्याचं पद. न-उदाहरणाशिवाय व्याख्या कुचकामी. 'सभासद: ज्याने शेअर घेतला आहे तो. फक्त दूध घालणारा सभासद नव्हे.' दुसऱ्या वाक्यानेच काम होतं.

बैठका कशा घ्याव्यात याबद्दलही थोडं. पाच ते सात माणसं, दीड तास, त्याहून जास्त नाही. चार बैठका पुरतात. त्यांत रोज हाताने नोंद करणारा एक जण असलाच पाहिजे. चेअरमन असले तर चांगलं, पण लेखनिक नसेल तर बैठक रद्द करावी. चित्र भिंतीवर मोठ्या कागदावर, पेन्सिलीने. पडद्यावर सुबक चित्र आलं की लोक त्याला हात लावायला कचरतात. पेन्सिलीची रेष पुसायला कुणाला संकोच वाटत नाही. शेवटच्या बैठकीत मागच्या एका बिलाच्या खऱ्या नोंदी घ्यायच्या, त्यांतली वीस अवघड प्रकरणं निवडायची (मयत उत्पादक, परत गेलेलं दूध, दोन नंबर, मागच्या तारखेची कपात) आणि ती हाताने चौकटींत भरून बघायची. जे प्रकरण कुठेच बसत नाही ते चूक दाखवतं. जे दोन ठिकाणी बसतं ते त्याहून मोठी चूक दाखवतं. आणि सगळ्यांनी 'इतर' किंवा 'शेरा' या रकान्याकडे धाव घेतली, तर काम अजून झालेलं नाही.

या पद्धतीलाही खोड आहे, ती लपवू नये. मॉडेल काढणाऱ्याला चौकटींचं व्यसन लागतं. साठ-सत्तर चौकटींचं जाळं तयार होतं, ते कुणी वाचत नाही, आणि सही मात्र होते. न वाचता झालेली सही ही मॉडेल नसण्यापेक्षा वाईट, कारण पुढच्या प्रत्येक वादात तीच तोंडावर फेकली जाते. म्हणून धंद्याच्या माणसांपुढे संकल्पनेचं आणि नियमांचं चित्र ठेवावं. रकान्याचा प्रकार अंकी की अक्षरी, इंडेक्स कुठे, हे तिसऱ्या पातळीचं काम त्यांच्यापुढे आणूच नये. दुसरी खोड म्हणजे मॉडेल एकदा काढून फायलीत ठेवणं. नियम बदलला की आधी चित्र बदलायचं, मग प्रोग्राम. क्रम उलटला की सहा महिन्यांत चित्र खोटं होतं.

"हे सगळं कशाला, आधी स्क्रीन दाखवा, वापरून बघू, बदलत जाऊ," हा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि निम्मा बरोबरही आहे. लवकर दाखवून सुधारत जाणं ही चांगली सवय. पण स्क्रीनवर एका वेळी एक उत्पादक आणि एक पावती दिसते. एकाचे दोन होतात तेव्हा काय, हे स्क्रीन कधीच विचारत नाही. शिवाय स्क्रीन बदलणं हे दुपारभराचं काम आहे. उत्पादक ओळखायचा कशावरून हे तीन वर्षांच्या पावत्या साठल्यावर बदलायचं, तर प्रत्येक जुनी पावती उकरून कुणाची ते नव्याने ठरवावं लागतं. जे स्वस्तात बदलतं ते मागाहून बघा. जे बदलत नाही ते आधी ठरवा. चार बैठकांचा खर्च म्हणजे पाच-सात माणसांचे सहा तास आणि चहा.

एक विरोध मात्र उघड कुणी बोलत नाही. काही शब्द ढिले असतात, कारण ते ढिले राहण्यात कुणाचं तरी भलं असतं. फॅट काढायला घेतलेल्या नमुन्यातून उरलेलं दूध जातं कुठे? पाळीला तीनशे नमुने घेतले आणि दर नमुन्यातून थोडंसं जरी उरलं तरी दिवसाला काही लिटर होतात. 'घट' म्हणजे किती, कुणाच्या नावे, कितीपर्यंत चालते? मॉडेलच्या बैठकीत एक साधी बेरीज मांडावी लागते: संकलन बरोबर संघाला गेलेलं, अधिक स्थानिक विक्री, अधिक परत, अधिक नमुन्याचं, अधिक घट. ही बेरीज भिंतीवर लिहिताच खोलीत शांतता पसरते. चर्चा एकदम 'हे आपण नंतर बघू' वर येते. तंत्रज्ञाला वाटतं आपलं समजावून सांगणं कमी पडलं. तसं नसतं. त्याचं बोलणं फार चांगलं समजलेलं असतं.

अशा वेळी तंत्रज्ञाने न्यायाधीश होऊ नये. ते त्याचं काम नाही, आणि ते त्याला झेपणारही नाही. त्याने 'घट' ची चौकट काढावी, व्याख्येच्या जागी 'ठरलेली नाही' असं लिहावं, निर्णय कुणाचा त्या रकान्यात 'संचालक मंडळ' लिहावं, तारीख घालावी आणि कागद फायलीत लावावा. पुढच्या लेखापरीक्षणात कुणी तो कागद उघडला, तर कोणता प्रश्न कोणत्या दिवशी कुणापुढे ठेवला होता, हे तरी दिसेल.